तातेवरचा विवाल्डी, काळी चारचा सूर आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात टाफेलमुझिकबद्दल लिहिलं आणि त्यावर एवढी पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा टोरांटोचा वाद्यवृंद, १९७९ मध्ये केनेथ सोलवे आणि सुझन ग्रेव्ह्ज या दोघांनी सुरू केलेला, आणि १९८१ पासून २०१४ पर्यंत जीन लामोन या व्हायोलिनवादक बाईंनी सांभाळलेला. बाई २०२१ मध्ये गेल्या. हे लोक बारोक संगीत, म्हणजे साधारण १६०० ते १७५० मधलं युरोपियन संगीत, विवाल्डी, बाख, हँडल वगैरे, आणि त्याला लागून पुढचं हायडन-मोत्झार्टचं संगीत त्या काळातल्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवतात. नाव जर्मन आहे, अर्थ जेवणाच्या टेबलावरचं संगीत. टेलेमान या जर्मन संगीतकारानं १७३३ मध्ये हँबर्गला याच नावाचा एक मोठा संग्रह छापला होता, आधी वर्गणी भरून घेऊन, आणि वर्गणीदारांच्या यादीत लंडनहून हँडलचंसुद्धा नाव होतं.

आता पत्रं.

काका नमस्कार, मुलानं वाढदिवसाला टाफेलमुझिकची दोन तिकिटं दिली, म्हणून आम्ही दोघं ब्लूर स्ट्रीटवरच्या त्या चर्चमधल्या हॉलमध्ये गेलो. खरं सांगते, पहिली पंधरा मिनिटं आम्हाला वाटलं माइक बंद पडलेत. आवाज लहान, थोडा खरखरीत, व्हायोलिनवाले सगळे उभे, समोर काठी घेऊन उभा राहणारा कंडक्टर नाही, आणि दर दोन तुकड्यांनंतर परत ट्यूनिंग. मध्यंतरात सगळे कॉफीला गेले तरी एक माणूस हार्प्सिकॉर्डपाशी, म्हणजे त्या पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्यापाशी, किल्ली घेऊन बसलेलाच. नंतर मात्र कान बसला आणि मजा आली. पण नेमकं काय ऐकायचं असतं हो यात? — एक वाचक, मिसिसागा

ताई, माइक बंद नव्हते, ते नसतातच. कान बसला असं तुम्ही लिहिलंत ना, ते अगदी बरोबर लिहिलंत, अंधाऱ्या खोलीत गेल्यावर डोळ्यांना जसा वेळ लागतो तसाच इथे कानाला लागतो, आणि एकदा बसला की मग त्या लहान आवाजातही किती चढउतार आहेत ते दिसायला लागतं.

पहिलं कारण तारा. आजच्या व्हायोलिनला स्टीलच्या किंवा सिंथेटिक तारा असतात, यांच्या वाद्यांना तात असते, म्हणजे मेंढीच्या आतड्याची तार. तात जरा खरबरीत बोलते, सूर लागताना आधी थोडा घासल्याचा आवाज येतो आणि मग सूर उघडतो. तो घासल्याचा आवाज म्हणजे दोष नाही, शब्दातल्या व्यंजनासारखा आहे तो, 'क' किंवा 'त' नसेल तर नुसत्या 'आ'मधून शब्द कसा कळणार? पण तातेला हवा लगेच लागते. बाहेर बर्फ, आत हीटर, हॉलमध्ये चारशे माणसांचा श्वास, की तार उतरलीच किंवा चढलीच. म्हणून ते सारखं ट्यूनिंग. हार्प्सिकॉर्डच्या तारा धातूच्या असल्या तरी त्याची चौकट हलकी लाकडी, पियानोसारखी लोखंडी नाही, त्यामुळे तेही रुसतं. त्या मध्यंतरातल्या माणसाला सुट्टी नसते.

दुसरं कारण गज. पुढच्या वेळी जवळची सीट मिळाली तर त्यांचे बो नीट बघा, काठी थोडी बाहेरच्या बाजूला फुगलेली असते, धनुष्यासारखी, आणि टोक हलकं. आजचा बो आत वाकलेला असतो, तो पॅरिसच्या फ्रान्स्वा तुर्तनं १७८०च्या दशकात पक्का केला. तुर्तच्या बोनं एकच सूर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जोरात ओढता येतो. जुन्या बोला ते मनापासून जमतच नाही, सूर फुलतो आणि आपोआप विरतो, खाली ओढलेला जोरकस, वर ढकललेला हलका. त्यामुळे त्या संगीताची वाक्यं होतात, एक शब्द भारी एक हलका, मध्ये श्वास. मला विचाराल तर ऐकायचं ते हेच. मोठ्या आधुनिक ऑर्केस्ट्रात विवाल्डी मखमलीसारखा लांबलचक पसरतो, इथे तो बोलतो.

एकच उदाहरण देतो, घरी लावून बघा. विवाल्डीच्या 'फोर सीझन्स'मधल्या वसंताचा मधला संथ भाग. ही चार कॉन्चेर्ती, म्हणजे सोलो वाद्य आणि त्यामागे वाद्यवृंद अशा रचना, १७२५ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापली गेली, आणि प्रत्येकीसोबत एक सॉनेट, म्हणजे सुनीत, छापलं होतं, त्यातल्या ओळी खाली स्वरलिपीतसुद्धा जागच्या जागी घातल्या होत्या. या भागात मेंढपाळ झोपलाय, सोलो व्हायोलिन म्हणजे त्याची झोप, बाकीची व्हायोलिनं म्हणजे पानांची सळसळ, आणि व्हिओला, म्हणजे व्हायोलिनची थोडी मोठी, खालच्या सुरातली बहीण, हा त्याचा कुत्रा. व्हिओलाच्या ओळीवर लिहिलंय की हा भुंकणारा कुत्रा आहे, आणि कायम जोरात, ओरबाडून वाजवा. दोनच सूर, भॉ-भॉ, भॉ-भॉ, अख्खा भागभर. कितीतरी रेकॉर्डिंग्जमध्ये हा कुत्रा इतका सभ्य होतो की तो कुत्रा आहे हेच कळत नाही, कारण वादकांना ती गोड सुरावट बिघडवायची नसते. तात आणि जुना बो असला की तो खरंच भुंकतो आणि तरी मेंढपाळ झोपलेला राहतो, त्यातच त्या चित्राची सगळी गंमत आहे.

उभं राहण्याचं म्हणाल तर चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, सोडून बहुतेक सगळे उभे असतात कारण अंग मोकळं राहतं आणि एकमेकांकडे बघता येतं. कंडक्टर नसतो असं नाही, पण काठीवाला स्वतंत्र कंडक्टर ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली व्यवस्था. त्याआधी पहिला व्हायोलिनवाला किंवा हार्प्सिकॉर्डवालाच सगळ्यांना धरून न्यायचा, आणि लामोनबाई तेहतीस वर्षं व्हायोलिन वाजवता वाजवताच हे करत होत्या, नुसत्या श्वासानं आणि भुवईनं.

आणि एक, त्यांचा 'गॅलिलिओ प्रोजेक्ट' कुठे बघायला मिळाला तर सोडू नका. २००९ मध्ये, खगोलशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय वर्षात, त्यांच्याच डबल बास वाजवणाऱ्या ॲलिसन मॅके यांनी तो रचला. सगळा कार्यक्रम पाठ, समोर स्टँड नाहीत, वादक रंगमंचावर फिरत वाजवतात, मागे आकाशाची चित्रं. गॅलिलिओचे वडील ल्यूट हे छेडून वाजवायचं तंतुवाद्य वाजवायचे आणि संगीतावर ग्रंथ लिहायचे, त्यामुळे ही जोडणी ओढूनताणून आणलेली नाही.

सर, मी पेटी वाजवतो. यूट्यूबवर टाफेलमुझिकच्या जोडीनं वाजवायला बसलो तर सगळंच बेसूर, माझी पेटी बिघडली की त्यांचं रेकॉर्डिंग? — एक संवादिनीवादक, पुणे

दोन्ही ठीक आहेत. आजचा जागतिक सूर म्हणजे पेटीची पांढरी सहा, युरोपियन नावानं ए, ४४० हर्ट्झ. हे लोक बारोक वाजवताना पांढरी सहा ४१५ ला लावतात, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक अर्धा सूर खाली. म्हणजे त्यांची पांढरी सहा ही तुमच्या पेटीची काळी चार. सगळं एक पट्टी खाली घेऊन वाजवा, जुळेल, अगदी शंभर टक्के नाही, ते का ते पुढे सांगतो.

पण ४१५ हा काही त्या काळचा सरकारी सूर नव्हता हां. तेव्हा गावागावाचा सूर वेगळा, जर्मनीतले बरेच चर्चचे ऑर्गन ४६५च्या आसपास, फ्रेंच ऑपेरात तोच सूर ३९२च्या आसपास. ४१५ ही विसाव्या शतकातल्या लोकांनी केलेली सोय आहे, जुनी वाद्यं बऱ्यापैकी तिथे बसतात आणि हार्प्सिकॉर्डचा कीबोर्ड एक पट्टी सरकवला की ४४० वाल्यांबरोबरही वाजवता येतं. हायडन-मोत्झार्टला हेच वादक बहुतेक वेळा ४३० घेतात. आपल्याकडे गायक बदलला की तंबोरा परत लावतो तसंच समजा, फक्त इथे गायकाऐवजी शतक बदलतं.

आणि शंभर टक्के का जुळत नाही, तर तुमच्या पेटीत बारा सूर सारख्या अंतरावर कापलेले आहेत आणि त्यांचं हार्प्सिकॉर्ड तसं लावत नाहीत. काही गंधार जास्त शुद्ध ठेवतात आणि त्याची किंमत दूरच्या पट्ट्यांमध्ये मोजतात, त्यामुळे एक पट्टी निवांत वाटते आणि दुसरी टोचते. पेटीवाल्या माणसाला हे ऐकून समाधान वाटेल की खटकेल ते माहीत नाही, मला स्वतःला तो शुद्ध गंधार ऐकला की फार बरं वाटतं.

स. न. वि. वि., आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे-सतारी बनवायचं काम आहे. तुमच्या लेखात तातेचा उल्लेख वाचला. आमचे आजोबा सारंगीला तात चढवायचे ते मी लहानपणी बघितलंय. तिकडच्या लोकांना सारंगी माहीत आहे का? — एक वाचक, मिरज

माहीत आहे, आणि नुसती माहीत नाही तर टाफेलमुझिकबरोबर ती वाजली आहे. गेल्या लेखात जागेअभावी हे राहिलं याची मला रुखरुख होती, तुमच्या पत्रामुळे बरं झालं.

पंडित रामनारायण, ज्यांनी मुंबईत राहून सारंगीला साथीच्या वाद्यातून सोलो वाद्य केलं, त्यांच्या कन्या आणि शिष्या अरुणा नारायण टोरांटोत असतात. टाफेलमुझिकनं 'फोर सीझन्स' घेऊन एक कार्यक्रम केला, कल्पना अशी की विवाल्डी व्हेनिसमध्ये हे लिहीत होता तेव्हा बाकी जगात ऋतूंचं संगीत काय होतं? त्यात चिनी पिपा हे तंतुवाद्य होतं, उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट बायकांचं कंठगायन होतं आणि अरुणाताईंची सारंगी होती. पुढे त्यावर माहितीपटही झाला.

मला यातली मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. सारंगी आणि आजचं स्टीलच्या तारांचं व्हायोलिन शेजारी ठेवलं की व्हायोलिन चकचकीत आणि सारंगी एकटी पडल्यासारखी होते, दोघांचा पोतच वेगळा. पण सारंगीच्या मुख्य तिन्ही तारा तातेच्या, आणि या वादकांच्या व्हायोलिनच्या तारा पण तातेच्या, गज दोन्हीकडे बाहेर फुगलेला. त्यामुळे दोन लांबच्या घरातली माणसं भेटावीत आणि नाक-डोळे सारखे निघावेत असं काहीसं होतं. तुम्ही कारागीर आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

तरफांचं पण ऐका. युरोपात विओला द'आमोरे नावाचं वाद्य होतं, वर तातेच्या तारा, आणि खालून, पुलाच्या आतून जाणाऱ्या धातूच्या तारा, ज्या कुणी वाजवत नाही पण वरच्या वाजल्या की आपोआप गुंजतात. म्हणजे तरफाच! विवाल्डीनं या वाद्यासाठी मुद्दाम कॉन्चेर्ती लिहिल्या, बाखनंही ते वापरलं. मग आवाज मोठा हवा, हॉल मोठे झाले, आणि हे वाद्य मागं पडलं.

तुमच्या कामाची आणखी एक माहिती. नुसत्या तातेची खर्जाची तार फार जाड करावी लागते आणि ती मंद बोलते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तातेवर बारीक धातूची तार गुंडाळायची युक्ती निघाली, त्यानं तार बारीक राहून वजन वाढलं, आणि चेलोचा आकारही आटोपशीर करता आला. एका तारेच्या सुधारणेनं अख्ख्या वाद्याचं माप बदललं.

महोदय, आपण या मंडळींचं फार कौतुक करता. १७२५ चं रेकॉर्डिंग कुणाकडे आहे का? नाही ना? मग 'त्या काळी असंच वाजवायचे' हे कशावरून? हा सगळा अंदाजाचा खेळ आहे आणि सुधारलेली वाद्यं हाताशी असताना मागास वाद्यं घेऊन बसण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. राग मानू नये. — एक जुने रेकॉर्डसंग्राहक, नागपूर

राग कसला, तुमच्या पत्रानं मला दोन दिवस विचार करायला लावला. सरळ उत्तर द्यायचं तर अंदाज आहेच, पण हवेतला नाही.

कशावरून, तर एक म्हणजे त्या काळच्या लोकांनी शिकवण्यासाठी लिहिलेली जाडजूड पुस्तकं आहेत. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचा बासरीचा गुरू क्वांट्झ, त्याचं १७५२ चं पुस्तक नावाला बासरीचं आहे पण त्यात साथ कशी करावी, आलंकारिक सूर कुठे घ्यावेत, लय किती ठेवावी हे सगळं आहे. तेव्हा मेट्रोनोम नव्हता, म्हणून तो म्हणतो की निरोगी माणसाची नाडी धरा, मिनिटाला साधारण ८० ठोके, आणि त्यावर लय मोजा. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याचं कीबोर्डवरचं पुस्तक १७५३ चं. मोत्झार्टचे वडील लिओपोल्ड, त्यांचं व्हायोलिनचं पुस्तक १७५६ चं, म्हणजे मुलगा जन्मला त्याच वर्षीचं. शिवाय त्या काळची वाद्यं संग्रहालयात आणि काही वादकांच्या हातात अजून आहेत, ती मोजून नवी बनवता येतात. आणि वाद्य स्वतःच खूप काही शिकवतं, हनुवटीचा आधार नसलेलं व्हायोलिन घेतलं की हात आपोआप खालच्या जागी जास्त राहतो आणि बोटं वेगळी पडतात. तो हनुवटीचा आधार जर्मन व्हायोलिनवादक श्पोरनं १८२०च्या सुमाराला आणला.

आता तुमच्या बाजूनं बोलतो. ही पुस्तकं आपापसात भांडतात. सूर हलवण्याचं घ्या, ज्याला व्हायब्राटो म्हणतात. या वाद्यवृंदांमध्ये सूर सरळ ठेवायचा आणि हलवणं हा मधूनच घ्यायचा दागिना, अशी पद्धत पडली. लिओपोल्ड मोत्झार्टचा त्याला आधार आहे, प्रत्येक सुरावर थरथरणाऱ्या वादकांना ते कंपवाताच्या रोग्याची उपमा देतात. पण त्याच्या पाचच वर्षं आधी लंडनमध्ये जेमिनियानी या इटालियन व्हायोलिनवादकानं लिहिलं होतं की हे जितकं जास्त वापराल तितकं चांगलं. दोघंही त्याच काळचे, दोघंही मोठे. मग खरं कोण? दोघंही, कारण तेव्हाही घराणी होती. त्यामुळे कुणी 'आम्ही अस्सल वाजवतो' असं म्हणालं तर मी पण तुमच्यासारखाच मान हलवतो, आणि आजकाल या क्षेत्रातले जाणते लोक तो शब्द जपूनच वापरतात.

पण मागास वाद्यं हे मात्र मी मान्य करणार नाही. या सगळ्याची एक मोठी सुरुवात युद्धानंतरच्या व्हिएन्नात कशी झाली बघा. निकोलाउस हार्नोनकूर हा तरुण व्हिएन्ना सिम्फनी या वाद्यवृंदात चेलो वाजवायचा, रोजची नोकरी, रोज तोच गुळगुळीत बाख. १९५३ मध्ये त्यानं बायको आलिस आणि काही मित्र घेऊन कोन्सेन्टुस मुझिकुस हा गट सुरू केला, जुनी वाद्यं गोळा केली, आणि लोकांसमोर पहिला जाहीर कार्यक्रम कधी केला, १९५७ मध्ये! चार वर्षं नुसतं घरात बसून शिकले. सुधारलेलं वाद्य हाताशी असताना, पोटापाण्याची नोकरी सांभाळून, कुणी चार वर्षं असं का करेल? कारण स्वरलिपीत लिहिलेलं आणि कानाला ऐकू येणारं जुळत नव्हतं. पुढे त्यानं आणि हार्प्सिकॉर्डवादक गुस्टाव्ह लिओनहार्टनं मिळून १९७१ ते १९८९ या काळात बाखचे चर्चचे कांटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंद मिळून सादर करायच्या रचना, रेकॉर्ड केले, तुमच्या संग्रहात त्यातली एखादी एलपी नक्की असेल, पुन्हा लावा. सुरुवातीच्या तबकड्यांमध्ये हॉर्न चुकतात, ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) चिरकतो, ते मी नाकारत नाही. पण शब्द कसे उच्चारले जातात ते ऐका.

आणि अंदाजाच्या खेळाचं म्हणाल तर त्या संगीतात अंदाजाला, म्हणजे वादकाच्या मनाला, मुद्दाम जागा ठेवलेली आहे. खालच्या खर्जाच्या ओळीवर फक्त आकडे लिहिलेले असतात, ६, ७, ४-३ असे, आणि हार्प्सिकॉर्डवाल्यानं किंवा ल्यूटवाल्यानं त्यावरून त्या क्षणी सुरावळी भरायची असते, गायक हळू असेल तर कमी, रंगात आला असेल तर जास्त. चांगला संवादिनीवाला गायकाच्या मागून जातो तेच हे. तसंच गायकाच्या आरियामध्ये, म्हणजे एकट्यानं गायच्या गाण्यात, पहिला भाग शेवटी परत येतो तेव्हा तो तस्साच गायला तर त्या काळच्या श्रोत्यांना ते गरिबीचं लक्षण वाटायचं, नवे अलंकार हवेतच. तेव्हा १७२५ चं रेकॉर्डिंग असतं तरी ते त्या एका संध्याकाळचं असतं, दुसऱ्या दिवशी त्याच वादकानं वेगळं वाजवलं असतं. हे लोक मला आवडतात ते १७२५ जसंच्या तसं आणतात म्हणून नाही, तर कागदावर जे लिहिलेलं नाही ते भरायची जबाबदारी परत वादकावर टाकतात म्हणून.

आजोबा चर्चमध्ये रेबेक वाजवायचे, आम्ही गोंयकार व्हायोलिनला रेबेकच म्हणतो. चर्चला बारोक म्हणतात, संगीतालाही बारोक, शब्द एकच का? — मडगाव

एकच. पोर्तुगीज 'बारोको' म्हणजे वेडावाकडा मोती, आणि सुरुवातीला हा शब्द नाव ठेवायला वापरायचे, फार नक्षी, फार वळणं या अर्थानं. जुन्या गोव्यातली बोम जेझू बासिलिका १६०५ मध्ये अर्पण झाली, म्हणजे इटलीत मोंतेवेर्दी हा संगीतकार ज्या काळात नव्या पद्धतीचं लिहीत होता तोच काळ. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचणं आणि वाद्य शिकवायची परंपरा शतकानुशतकांची आहे, तुमच्या आजोबांची रेबेक त्याच झाडाची फांदी. जुन्या गोव्यात टेकडीवर मोंतचं कापेल, म्हणजे छोटं चर्च, आहे, तिथे संगीत महोत्सव होतो, असल्या दगडी जागेत लहान आवाजाची वाद्यं कशी फुलतात ते एकदा बसून ऐकाच. माझा असा अनुभव आहे की हे संगीत अर्धं वाद्यात असतं आणि अर्धं भिंतीत.

काका, नातवंडं सात आणि दहा वर्षांची, दोन तास गप्प बसणार नाहीत. त्यांना यातलं काय दाखवू? — ब्रॅम्प्टन

डिसेंबरात टोरांटोच्या मॅसी हॉलला त्यांचं श्रोत्यांनीही गायचं 'मसाया' असतं, हँडलची गायक-वादकांसाठीची मोठी धार्मिक रचना, तिथे न्या. हँडलनं हे १७४१ मध्ये २४ दिवसांत लिहिलं आणि १७४२ मध्ये डब्लिनला पहिल्यांदा झालं. इथे गप्प बसायचंच नसतं, कोरसचे भाग सगळा हॉल गातो, लोक आपापल्या आवाजाप्रमाणे गटानं बसतात, आणि गायकवृंदाचे प्रमुख इवार्स टाउरिन्स विग-कोट घालून स्वतः हँडल बनून येतात. त्यातला हालेलुया हा कोरस लागला की उभं राहायचं हे मुलांना आधी सांगून ठेवा, त्यांना तेच सगळ्यात आवडतं.

काका, मी नववीत आहे, चार वर्षं व्हायोलिन शिकतेय. आमच्या क्लासमध्ये वाद झाला की हायडन बारोक का क्लासिकल. आणि मला पण बारोक व्हायोलिन घ्यायचंय, आई म्हणते आधी काकांना विचार. — ठाणे

आईला माझा नमस्कार सांग. वाद्य घेऊ नकोस, अजून नको. आहे त्याच व्हायोलिनवर एक कर, बो त्याच्या नेहमीच्या जागेपेक्षा दोन-तीन बोटं वर, काठीवर धर, तो हलका होईल, आणि बाखचा एखादा सोपा मेन्युएट, म्हणजे नाचाची छोटी रचना, घेऊन प्रत्येक सूर घंटेसारखा वाजव, टोल दे आणि विरू दे. महिनाभर रोज दहा मिनिटं. मग सरांशी बोल, आणि जमलं तर कुणाकडून तरी बारोक बो तेवढा उसना मिळतो का बघ. नुसत्या बोनं सुद्धा हात किती बदलतो ते तुला कळेल.

आता हायडन. बाख १७५० मध्ये गेला म्हणून लोक तिथे रेघ मारतात, पण १७५१ च्या एक जानेवारीला उठून कुणी नवीन पद्धतीनं लिहायला लागलं नाही. हायडन १७६१ मध्ये हंगेरीतल्या एस्टरहाझी या सरदार घराण्यात नोकरीला लागला आणि त्याच वर्षी सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन सिम्फनी लिहिल्या, त्यात एकेका वादकाला पुढे आणून सोलो दिलेत, ते ऐकशील तर म्हणशील की ही तर बारोक कॉन्चेर्तोच. म्हणजे क्लासमधल्या दोन्ही पार्ट्या थोड्या थोड्या बरोबर. आणि म्हणूनच टाफेलमुझिकसारखे लोक विवाल्डीपाशी थांबत नाहीत, ब्रुनो वाइल या कंडक्टरबरोबर त्यांनी हायडनच्या बऱ्याच सिम्फनी रेकॉर्ड केल्या आहेत.

त्यातली ४५ नंबरची ऐक. १७७२ चा उन्हाळा, राजेसाहेब एस्टरहाझाच्या महालातून हलायला तयार नाहीत, वादकांची बायकामुलं लांब आयझेनश्टाटला, सगळे घरी जायला आसुसलेले. सांगणार कोण? हायडननं सिम्फनीचा शेवट असा लिहिला की अचानक एक संथ भाग सुरू होतो आणि एकेक वादक आपला भाग संपला की समोरची मेणबत्ती विझवून उठून जातो, आधी फुंकवाद्यं, मग बास, चेलो, आणि शेवटी उरतात फक्त दोन व्हायोलिनं, आवाज दाबलेली. राजाला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधलं गेलं, असं सांगतात.

ही गोष्ट तुला क्लासमध्ये सांगतीलच, पण एक गोष्ट बहुतेक सांगणार नाहीत म्हणून मी सांगतो. ही सिम्फनी त्यानं काळी तीनच्या मायनरमध्ये लिहिली, त्या काळी सिम्फनीला कुणी ही पट्टी घ्यायचं नाही. तेव्हाच्या हॉर्नला बटणं नव्हती, एका नळीत येतात तेवढेच सूर, पट्टी बदलायची तर वेगळ्या लांबीची नळीची वेटोळी जोडायची, आणि या पट्टीला लागणारी अर्ध्या सुराची वेटोळी महालात नव्हतीच. ती खास बनवून घ्यावी लागली, १७७२ च्या ऑक्टोबरमधलं त्यांचं बिल अजून शिल्लक आहे. आजच्या हॉर्नवर ही पट्टी बोट दाबलं की येते. जुन्या हॉर्नवर ती अवघडलेली, थोडी कोंडलेली वाजते, आणि घरी जायचंय पण जाता येत नाही हे त्या आवाजातच ऐकू येतं. जुन्या वाद्यांचं आणि आधुनिक ऑर्केस्ट्राचं अशी दोन्ही रेकॉर्डिंग्ज लाव, डोळे मिटून फक्त हॉर्न ऐक, आणि काय वाटलं ते मला पुढच्या महिन्यात लिहून कळव.